ओटीचा लिलाव

शनिवारी सकाळी नऊ वाजता हरिश्चंद्र शिवलकरांनी सूतिकागृहाच्या पडवीत कोंबडी दोन्ही हातांनी उचलून धरली आणि पहिली बोली मागितली. एकोणीसशे तेहेतीसच्या एप्रिलमधला तो शेवटचा शनिवार होता. अंगणात पंधरा-वीस माणसे जमली होती. त्यांतली निम्मी घ्यायला आली होती आणि निम्मी बघायला.

कोंबडी काळी, तुऱ्याची आणि रागीट होती. हातखंब्याच्या बाजूच्या महिपतने ती दिली होती. त्याच्या सुनेला जुळे झाले तेव्हा इथल्या नर्स मालनबाई रात्रभर बैलगाडीने जाऊन पोचल्या होत्या, आणि परतताना त्याने ती पाय बांधून त्यांच्या पिशवीशेजारी ठेवली. ही फेब्रुवारीतली गोष्ट. कोंबडी मागच्याच लिलावात जायची, पण मध्ये तिने अंडी घातली, आणि अंडी कोणाची हा प्रश्न उभा राहिला. हरिश्चंद्रांनी मुंबईला लिहून विचारले. महिन्याने उत्तर आले की अंडी कोंबडीबरोबरच विकावीत. तोवर कोंबडी खुडूक बसली होती.

"पिल्लांसकट काय वो भाऊ?" कोणीतरी विचारले.

"पिल्लांसकट," हरिश्चंद्र म्हणाले. "फंडाचं तसं पत्र आहे."

अंगण हसले. हरिश्चंद्र हसले नाहीत. कस्टम कचेरीत उभी हयात घालवून ते पेन्शनीत निघाले होते. बंदरात उतरलेली गोणी पाहिली की आधी आत काय आहे आणि मग कोणाचे आहे, एवढेच त्यांना सुचत असे. नोकरीत त्यांनी कोणाच्या झाडाची कैरीसुद्धा घेतली नाही, असे मांडवीच्या बंदरावर म्हणत. सूतिकागृह निघाले तेव्हा खजिनदार म्हणून त्यांचे नाव पुढे आले ते त्याच कारणाने. पगार नव्हता.

सूतिकागृह म्हणजे दोन खाटांची एक खोली, मागे बाईंची खोली आणि पुढे ही पडवी. पैसा मुंबईच्या एका कापूसवाल्या शेटजींनी आईच्या नावाने काढलेल्या धर्मादाय फंडाचा होता. तिमाहीच्या तिमाहीला हप्ता यायचा आणि त्यातून बाईंचा पगार, औषधे, रॉकेल आणि धुण्याचा साबण भागायचा. फंडाने छापील कलमे पाठवली होती आणि ती हरिश्चंद्रांना पाठ होती. सातवे कलम असे, की नर्सने रुग्णाकडून किंवा रुग्णाच्या घरच्यांकडून रोख वा वस्तू काहीही घेऊ नये. नाकारणे अशक्यच झाले, तर मिळालेली वस्तू आठ दिवसांच्या आत खजिनदाराकडे जमा करावी. खजिनदाराने ती जाहीर लिलावाने विकून रक्कम फंडाच्या खाती धरावी आणि तिमाही संपताच तसा दाखला आपल्या सहीने पाठवावा. नववे कलम लहान होते. सातवे मोडले तर पुढचा हप्ता थांबेल, एवढेच त्यात होते.

कलम कडक होते, पण हरिश्चंद्रांना ते पटलेले होते. पहिल्याच वर्षी जाकीमिऱ्याची जनी पोटात कळा येत असताना स्वतः चालत आली होती. द्यायला घरात काही नाही म्हणून सासरच्यांनी बाईंना बोलावलेच नव्हते. बाई फुकट येतात आणि दिलेले त्यांच्याकडे राहत नाही, हे गावाला समजायला पुढे वर्ष गेले. पण नाकारणेही सोपे नव्हते. सुखरूप सुटलेल्या घरातून बाई रिकाम्या हाताने उठल्या, तर घरची माणसे कासावीस होत. म्हणून नारळ यायचे, ताडगोळे यायचे, एकदा सुरमई आली आणि तिचा लिलाव तासाभरात उरकावा लागला. मालनबाई मिळालेली वस्तू आणून पुढे ठेवत आणि हरिश्चंद्र पावती फाडत.

कोंबडी सहा आण्यांना गेली. नारळ गंगारामने घेतले. तो वाणी होता आणि निघेल त्या मालावर बोली लावत असे. कोयता राहिला होता. तो हरिश्चंद्रांनी उचलला तेव्हा पुढे उभा असलेला केरू तांडेल मोठ्याने बोलला.

"आणि आमची ओटी कधी काढताय, भाऊ?"

तो थट्टेने बोलला होता. केरू मचव्यावर तांडेल होता, आणि बोलला की मचव्याच्या दुसऱ्या टोकाच्या खलाशाला ऐकू जाईल एवढ्याने बोलायची त्याला सवय होती.

"कसली ओटी?"

"हौसानं भरलीन ना बाईंची. बारशाला." आपण काय बोललो ते केरूच्या ध्यानात आले. त्याने टोपी काढून पुन्हा घातली. "वाडीभर ठाव हाय. मला वाटलं, तुम्हाला पण ठाव असंल."

अंगणातल्या दोन बायकांनी खाली पाहिले. हरिश्चंद्रांच्या हातात कोयता तसाच होता. मग त्यांनी त्याची बोली मागितली, एक वार, दोन वार, तीन वार म्हटले, आणि घेणाऱ्याचे नाव विचारून लिहून घेतले.

केरूच्या बायकोची, हौसाची, तीन मुले जन्मून गेली होती. चौथे पायाळू होते. मालनबाई त्या खोपटात दिवसभर आणि रात्रभर होत्या, आणि मूल जगले. बारसे होऊन तीन आठवडे उलटले होते. ओटी जमा झाली नव्हती. तिमाही मेअखेर संपणार होती आणि दाखल्यावर हरिश्चंद्रांची सही व्हायची होती.

दुपारी ते मागच्या खोलीशी गेले. दारातूनच त्यांनी हाक मारली. मालनबाई चिमटे उकळत होत्या. त्या मुरुडच्या. लहानपणीच कपाळ पुसले गेले, तिथल्या शाळेत शिकल्या आणि पुढे पुण्याला जाऊन नर्सिंगची परीक्षा दिली. अंगावर नेहमीचे पांढरे लुगडे आणि पांढरी चोळी होती.

"बाई, केरूच्या घरची ओटी," हरिश्चंद्र म्हणाले.

बाईंनी चिमटे उतरवले, हात पुसले आणि खाटेखालची ट्रंक ओढली. वरचे कपडे बाजूला करून त्यांनी तळातून पांढऱ्या फडक्याचे गाठोडे काढले. ते त्यांनी हरिश्चंद्रांच्या हातात दिले नाही, उंबरठ्यावर ठेवले.

"आठ दिवसांत आणायला हवी होती."

"हो." त्यांनी ट्रंकेचे झाकण लावले. "नारळ आणले, कोंबडी आणली, ती सुरमई तर पळत आणली. हे आणायचं असतं, असं माझ्या मनातच आलं नाही, भाऊ. रागावू नका."

"रागावलो नाही."

"तिनं पाट मांडला. मी म्हटलं, अगो, मला नसते भरायची. तर बोलली, जिनं माझी भरली ती रिकामी उठेल काय, गप बस. तिची सासू, सोनूबाई, दारात होत्या. त्यांनी तोंड फिरवलं, पण आत नाही गेल्या." मालनबाई उंबरठ्याकडे बघत होत्या. "लहान होते तेव्हा एकदा भरलेली. तेव्हा परकराचा ओचा पुरला नव्हता. एवढंच आठवतं."

हरिश्चंद्रांनी जांभळी पेन्सिल काढली आणि पावतीपुस्तक गुडघ्यावर धरले.

"लिलाव करणार?"

"करावा लागेल."

"मग खणाची घडी मी मोडलेली नाही. गाठ सोडून बघा. किंमत येईल."

"बघायला नको," हरिश्चंद्र म्हणाले.

आत काय आहे ते त्यांनी विचारून घेतले. नारळ एक, तांदूळ, हळकुंड, सुपारी, हिरवा खण एक, तांबड्या काठाचा. खाली त्यांनी लिहिले, 'आतील जिन्नस जमा करणाराच्या सांगण्यावरून.' कस्टमात उघडल्याशिवाय एक गाठोडे त्यांनी सोडले नव्हते. तारीख मात्र त्यांनी त्या दिवसाचीच घातली.

संध्याकाळी ते कमिटीच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष वकील होते आणि मनाने चांगले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि सांगितले की हे लिहूच नका. ओटी हा विधी आहे, भेट नव्हे, आणि विधीबद्दल कलमांत अक्षर नाही. शिवाय सावर्ड्याकडची मंडळी फंडाच्या मागे लागलेलीच आहेत. आमच्याकडे सूतिकागृह काढा म्हणून त्यांचा अर्ज जाऊन पडला आहे, आणि मुंबईला निमित्तच हवे असेल तर ते आपण का पुरवावे, असे ते म्हणाले. वाट चालताना हरिश्चंद्रांनी त्यावर पुष्कळ विचार केला. वकिलांचे म्हणणे वाईट नव्हते. पण नारळ विधीत घातला तरी नारळच राहतो. आज ओटी विधी म्हणून सोडली, की उद्या कोणी ओटीत दहाची नोट घालील, आणि परवा जनीच्या सासरचे पुन्हा म्हणतील की आपल्याकडे ओटीत घालायला काही नाही. आणि लिहिले, तर बाई जातील. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. घर येईपर्यंत त्या दोन्ही खऱ्याच राहिल्या.

घरी त्यांची बहीण राही मागील दारी रातांबे फोडत बसली होती. हरिश्चंद्रांची बायको गेली तेव्हापासून घर राहीच चालवत होती. त्याच्याही पुष्कळ आधी तिचा नवरा मुंबईला गोदीत गेला, तिथेच तापाने वारला आणि ती माहेरी आली होती. उन्हाळ्यात ती आमसुले करून विकायची. ते पैसे तिचे असत. लग्नाकार्याला ती जायची ती स्वयंपाकघरापुरती. हळदीकुंकवाची वेळ झाली की कोणी न सांगता मागच्या दाराने घरी यायची.

गाठोडे कपाटात ठेवून हरिश्चंद्र तिच्याजवळ पायरीवर बसले आणि त्यांनी झाले ते सांगितले. असे ते सहसा सांगत नसत. कलमे मात्र जेवताना तिला वरचेवर ऐकवत.

राहीने दोन रातांबे फोडले, बिया एका भांड्यात आणि साली दुसऱ्यात टाकल्या.

"कुंकू लावलंन काय तिला?"

"विचारलं नाही."

"हळद तरी?"

"ते माझ्या अखत्यारीतलं नाही, राही."

"तुझ्या अखत्यारीत विकणं तेवढं." हे ती रागाने बोलली नाही. "आणि कोणी घेतलंच नाही तर?"

"तर वसूल काही नाही, असं लिहायचं. वस्तू फंडाची."

"म्हणजे कपाटात."

"कपाटात."

तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. तिने केस मागे सारायला मनगटाची मागची बाजू वापरली, तरी कपाळाला थोडा डाग लागलाच. तिला तो कळला नाही. हरिश्चंद्रांना दिसला, आणि त्यांनी नजर वळवून वाळत घातलेल्या सालींकडे लावली.

"बोली कोणी लावायची नाही, ते काय ते म्हणतोस?"

"खजिनदारानं नाही, कमिटीनं नाही, नर्सनं नाही, नोकरमाणसांनी नाही. ज्यानं दिलं त्यानं नाही."

"खजिनदाराच्या घरच्यांनी?"

"घरच्यांचं लिहिलेलं नाही."

"बरं," राही म्हणाली आणि पुढचा रातांबा उचलला.

मे महिना नेहमीसारखा गेला. मालनबाईंना या महिन्यात उसंत नव्हती, कारण चाकरमाने उन्हाळ्यात आणि गणपतीला गावी येऊन जातात आणि त्याचा हिशेब फेब्रुवारीपासून मेपर्यंत पुरतो, असे त्या हसून सांगत. या वेळी त्या हसल्या नाहीत. पावत्या मात्र पूर्वीपेक्षा लवकर होऊ लागल्या. मूठभर काजू मिळाले तरी त्या त्याच पावली पडवीत यायच्या. एकदा त्यांनी एक सुकलेले, केसांत माळायचे सुरंगीचे वळेसर आणून ठेवले. हरिश्चंद्रांनी तेही लिहून घेतले, आणि लिहिल्यावर ते बराच वेळ पेन्सिल हातात धरून बसले.

दाखल्याचा मसुदा त्यांनी तीनदा केला. तिन्ही वेळा 'स्वीकारलेली प्रत्येक वस्तू मुदतीत जमा झाली' इथवर येऊन ते थांबले.

शेवटच्या शनिवारी अंगण भरले. कोकणात गोष्ट सांगावी लागत नाही, ती पोचते. खारवीवाड्यातल्या बायका आल्या होत्या, आणि त्यांच्यात हौसाची सासू सोनूबाई होती. फणस निघाले, काथ्याची दोरी निघाली, काजू निघाले. फणस कापा की बरका यावर वाद झाला आणि गंगारामने कापा समजून बरका घेतला. त्या वाळक्या वळेसराला बोली आली नाही. मग हरिश्चंद्रांनी पांढरे गाठोडे आणून पालथ्या पाटीवर ठेवले आणि त्यातले जिन्नस पावतीवरून वाचले. खणाचा काठ सांगताना त्यांचा आवाज नेहमीएवढाच होता.

केरू दोन पावले पुढे आला.

"ते ठेवा बाजूला, भाऊ," केरू म्हणाला.

"ठेवता येत नाही, केरू."

"मग मी घेतो. घेतो नि बाईंना परत देतो."

"तुला घेता येत नाही. आणि घेतलंस तरी काय होणार? तू परत देशील, त्या परत माझ्याकडे आणतील, मी परत विकीन."

"दर महिन्याला?"

"दर महिन्याला."

मागे कोणीतरी हसले आणि लगेच थांबले. केरू हसला नाही.

"दुसऱ्याच्या ओटीतलं कोण घेणार, भाऊ? घालायचं कुठं माणसानं?"

हरिश्चंद्रांनी पावती खाली ठेवली. त्यांनी एक आण्याची बोली मागितली. गंगारामने सवयीने तोंड उघडले. केरूने मान वळवून त्याच्याकडे पाहिले, तेव्हा तो खोकला आणि त्याने फणसाची जागा बदलली. हरिश्चंद्रांनी पुन्हा एकदा एक आणा म्हटले. आतल्या खोलीत मालनबाईंच्या कपडे पिळण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"आठ आणे."

आवाज अंगणाच्या कडेच्या आवळीखालून आला. तिथे राही उभी होती. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, एक हात मूठ मिटून छातीशी धरलेला. भर अंगणात, पुरुषांच्या पुढ्यात तिला उभे राहिलेले हरिश्चंद्रांनी कधी पाहिले नव्हते. ते घरातून निघाले तेव्हा ती चुलीपुढे होती.

त्यांनी कलम मनात एकदा शेवटपर्यंत म्हणून पाहिले.

"आठ आणे," ते म्हणाले. "एक वार."

गंगाराम फणसाकडे बघत राहिला.

"दोन वार."

दुसऱ्या आणि तिसऱ्या वारामध्ये ते नेहमी थांबत, कोणाला चढवायचे असेल तर सवड मिळावी म्हणून. आजही ते तेवढेच थांबले. मग त्यांनी काठी पाटीवर टेकली.

"तीन वार."

घेणाऱ्याचे नाव ज्याचे त्याच्या तोंडून विचारून घ्यायचे, असा त्यांचा रिवाज होता. ओळखीचा असो की रोजचा असो, ते विचारत. राही पायरीशी आली, आणि तिने मुठीतले नाणे पाटीवर ठेवले. नाण्याला आमसुलाचा लाल रंग लागला होता. हरिश्चंद्रांनी तिला नाव विचारले नाही. त्यांनी खाली मान घालून ते स्वतःच लिहिले, तिचे, तिच्या नवऱ्याचे आणि आडनाव.

राहीने गाठोडे हाताने उचलले नाही. पदर पुढे धरून त्यात घेतले. लोकांनी तिला रस्त्याकडे जायला वाट करून दिली, पण ती रस्त्याकडे वळली नाही. ती पायऱ्या चढली, भावाच्या खुर्चीला वळसा घालून आत गेली आणि तिने मागे दार लोटून घेतले. दार पुरते लागले नाही. त्या दाराची तशी खोडच होती.

पडवीतून आतले काही दिसत नव्हते. फक्त आवाज आला, जमिनीवर लाकडी पाट ठेवल्याचा. तो अंगणात सगळ्यांना ऐकू गेला. मग मालनबाईंचा आवाज आला, काहीतरी नाही-नाही म्हणणारा, आणि त्यावर राहीचे दोन शब्द. ते कोणाला समजले नाहीत.

सोनूबाई बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिने तोंड फिरवले नाही. थोड्या वेळाने ती पुढे आली, पायरीच्या खालच्या बाजूला बसली आणि दार उघडायची वाट बघत राहिली.

दाखला हरिश्चंद्रांनी त्याच संध्याकाळी पुरा केला. सोमवारी त्या मोसमाची शेवटची आगबोट होती आणि कागद तिने जायला हवे होते. चौथा मसुदा करावा लागला नाही. ओटी मुदतीनंतर जमा झाली, हे त्यांनी लिहिले. उशीर हा नर्सबाईंच्या समजुतीतला होता, लोभातला नव्हता, असे खजिनदाराचे मत आहे, असेही लिहिले. मग ते थांबले. इथे सही केली असती तरी दाखल्यातला शब्दन् शब्द खरा झाला असता. दिव्याची वात वर करून त्यांनी पुढे लिहिले:

'सदर वस्तू लिलावात खजिनदाराच्या विधवा बहिणीने आठ आण्यांस घेतली. खरेदी करणारी बाई रुग्ण नव्हे, रुग्णाची नातलगही नव्हे. यानंतर वस्तूचे काय झाले, ते सातव्या कलमात येत नाही. तरी खजिनदारास ते माहीत आहे, म्हणून फंडासही माहीत असावे. ती नर्सबाईंच्या ओटीत घातली गेली.'

राही ताटे घासत होती. ती पदराला हात पुसत दाराशी आली.

"माझं नाव घातलंस त्यात?"

"यात नाही. लिलावाच्या यादीत घातलं. यादी जोडावी लागते."

"पुरतं?"

"पुरतं."

"काय घातलंस, वाच बघू."

हरिश्चंद्रांनी यादी दिव्याजवळ धरली.

"राही काशीराम नागवेकर."

ती दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती. नवऱ्याचे ते नाव तिने कधी उच्चारले नव्हते आणि ती या घरात परत आल्यापासून तिच्यासमोर कोणी उच्चारलेही नव्हते. रिवाजच तसा होता, आणि पुढे सवय झाली होती.

"परत एकदा वाच," ती म्हणाली.

त्यांनी वाचले. मग ती ताटांकडे गेली.

सोमवारी कागद आगबोटीने गेले. मंगळवारी आणि बुधवारी राहीने दुपारची आमसुले उन्हात घालून झाल्यावर मागील दारी बसून हाताने शिवणकाम केले. हरिश्चंद्रांनी काय शिवतेस म्हणून विचारले नाही.

हप्ता एक जूनला यायचा. तो आला नाही. अध्यक्षांनी भेटल्यावर बोलायचे टाळले. आता टपाल कोल्हापूरच्या वाटेने यायचे आणि त्याला वेळ लागतो, असे हरिश्चंद्रांनी त्यांना आपण होऊन सांगितले. बाईंचा पगार शिलकीतून देता येतो का, ते त्यांनी कलमांत पाहिले. एक महिना देता येत होता.

चार जूनला उजाडता भाट्याहून बोलावणे आले. मालनबाई पिशवी घेऊन निघाल्या तेव्हा हरिश्चंद्र पडवी झाडून घेत होते. ते त्यांना पोचवायला खाडीपर्यंत गेले. होडीत चढण्यासाठी बाईंनी पिशवी वर उचलली, तेव्हा पांढऱ्या पदराखालून बाही दिसली. हिरवी होती, काठ तांबडा. होडीवाल्यानेही ती पाहिली असणार. त्याने हात पुढे करून पिशवी घेतली आणि होडी लोटली.

सकाळच्या डाकेत मुंबईचे पत्र नव्हते.

दुपारी तीनच्या सुमारास तोच होडीवाला निरोप घेऊन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. घरची माणसे बाईंना नारळ देत आहेत, काही केल्या ऐकत नाहीत, तर घ्यावा की कसे, असे बाईंनी विचारले होते.

हरिश्चंद्रांनी कपाटातून पावतीपुस्तक काढले. फंडाच्या शिक्क्याचे ते पुस्तक मुंबईहूनच येत असे, आणि नवे हप्त्याबरोबर यायचे होते. त्यात एकच पान उरले होते.

"घ्या म्हणावं," ते म्हणाले, आणि त्यांनी पानावर तारीख घातली.